नवरदेव निघाला डोळखांबला

आधी चहा संपवा. ऐकताना सांडलात तर मला बोलायचं नाही.

कथा लिहून घर चालत नाही, म्हणून मी गाडी चालवतो. एरवी स्टेशनची भाडी, लग्नसराईत फुलं लावून नवरदेवाची गाडी. त्या दिवशी नवरदेव शहापूरकडचा, नवरी मुरबाडची, मुहूर्त दुपारचा. रात्रभर हळदीत नाचलेली मंडळी बसल्या बसल्या झोपली. माझ्या शेजारी नवरदेवाचा मामा, तोही घोरायला लागला. नवरदेव मुंडावळ्यांआडून मोबाइलमध्ये.

अशी शांतता मिळाली की माझं डोकं कथेत शिरतं. शेवट कित्येक दिवस अडला होता. माझा नायक डोळखांबकडच्या एका पाड्यावर निघालेला. फाटा आला, आणि मी वळलो. कुठे? नायक चालला होता तिकडे!

आणि आपली रीत ठाऊकच आहे, नवरदेवाच्या गाडीपुढे कुणी जायचं नाही. टेम्पो, बँडवाले, अख्खं वऱ्हाड मुकाट माझ्यामागे.

मांडव दिसला तशी गाडी थांबवली. बँड सुरू झाला, बायकांनी नवरदेवाला ओवाळलंसुद्धा. मग एका म्हाताऱ्यानं मुंडावळ्या बाजूला सारल्या.

"आमचा नवरा त आत बसलाय. ह्यो कोन?"

तिकडे मुरबाडहून नवरदेवाच्या सासऱ्यांचे फोनवर फोन. मुहूर्त टळला तर पोरीला उठवून घरी नेतो म्हणाले. नवरदेव रडकुंडीला आला. मामानं चावी हिसकावली, मला मागे नवरदेवाशेजारी ढकललं आणि गाडी अशी पिटाळली की मी नवस बोलायला लागलो.

बऱ्याच वेळानं मामानं विचारलं, "ध्यान कुठं व्हतं रे तुजं?"

मी खरं ते सांगितलं.

"मंग सांग ती गोष्ट. कळू दे तरी, कशापायी लगीन मोडतंय."

आता लेखकाला श्रोते मिळाल्यावर तो थांबतो का? मी जीव ओतून सांगितली. अडलेला शेवटही बोलता बोलता सुचला. माझाच आवाज भरून आला.

पोचलो तेव्हा भटजी अंतरपाट घेऊन उभेच होते. मुहूर्त साधला. मी भरल्या डोळ्यांनी शेजारी पाहिलं. ज्याचं लग्न मोडायला आलं होतं तो नवरदेव माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपला होता.

मामानं त्याला गदागदा हलवून उठवलं. मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे विचारलं, "या गोष्टीपायी नेलंस आमाला डोळखांबला?"