‘वखर’चा दुसरा अल्बम

शेगाव स्टेशनवर मी राजूची वाट पाहत उभा होतो. आमच्या ‘वखर’ या बँडचा तो ड्रमर, आता पुण्यात नोकरीला. तयार झालेला आमचा दुसरा अल्बम पेनड्राइव्हवर घेऊन तो येत होता, आणि आम्ही दोघं तिथून थेट प्रमोदच्या घरी जाणार होतो. प्रमोद म्हणजे आमचा गायक, गिटार वाजवणारा, आणि खरं सांगायचं तर बँडचा मालकच. गाडी फलाटाला लागत होती, तेवढ्यात संतोषचा फोन आला. संतोष म्हणजे प्रमोदच्या मंडप-लाउडस्पीकरच्या धंद्यातला जुना माणूस. “सर, भाऊ गेले,” एवढंच तो बोलला. राजू डब्याच्या दारातूनच पेनड्राइव्ह हलवून दाखवत हसत होता... त्याला मी ते कसं सांगितलं, हे आता आठवत नाही.

ज्या गावाची सकाळ भजनानं होते, तिथं थ्रॅश मेटलचं खूळ प्रमोदच्याच डोक्यात शिरू जाणे. सुसाट वेग, कर्कश गिटार आणि ओरडून म्हटलेली गाणी! होस्टेलमधल्या कुणीतरी त्याला एक कॅसेट ऐकवली आणि गडी कामातून गेला. मग त्यानं मला बास गिटार धरायला लावली आणि राजूला ड्रमवर बसवलं. गाणी मात्र आमच्या वऱ्हाडीत होती. बोंडअळीवर एक, लोडशेडिंगवर एक, हुंडा मागणाऱ्या मास्तरावर एक. पुढे मीच मास्तर झालो, तरी ते शेवटचं गाणं तो माझ्याकडे बघूनच म्हणायचा. त्याचे वडील दारात उभे राहून विचारायचे, “काऊन बे, पोट दुखून राह्यलं काय याचं?” आमची एक कॅसेट निघाली, होस्टेलच्या पोरांत फिरली, आणि मग राजूला नोकरी, मला शाळा, प्रमोदला वडिलांचा धंदा... ‘वखर’ला गंज चढला.

वीसेक वर्षांनी कुणीतरी ती कॅसेट इंटरनेटवर टाकली. कुठकुठली पोरं विचारायला लागली, अजून आहे का? लगेच प्रमोदचा फोन. “आपल्याले अजून ऐकते बे कोनी. मरू काऊन द्यायचं?” लग्नतिथी संपल्या की पावसाळाभर मंडपवाल्याला काम नसतं. कामगारही आपापल्या शेतावर जातात. त्या दिवसांत त्याच्या गोदामात, कनाती आणि गाद्यांच्या थप्प्यांमध्ये आमच्या तालमी सुरू झाल्या. गाद्या आवाज खातात, हा त्याचा शोध. राजू सुट्ट्या जोडून यायचा. त्याची कंबर धरलेली, मला चष्म्याशिवाय तारा दिसेनात, आणि प्रमोद मात्र विशीतल्या पोरासारखा मान हलवायचा.

त्याच तालमींत त्याचा आवाज बसायला लागला. दुसऱ्या कुणाचा बसला असता तर आम्ही हळद-दूध पाजलं असतं. पण या गाण्यात घोगरा आवाज म्हणजे कमाई! आम्ही खूश. राजू म्हणाला, “आता खरा पिकला बे तुहा आवाज.” प्रमोदही खुलला. घसा दुखतो, हे त्यानं कुणाला सांगितलंच नाही. सबंध पावसाळा आम्ही त्या रोगाला दाद देत होतो.

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, घशाचा कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, तेही लवकर. प्रमोद म्हणाला, आधी अल्बम. त्याची बायको, सुनंदा वहिनी, कडाडल्या. आम्ही दोघंही त्यांच्याच बाजूनं बोललो. पण तो ऐकणाऱ्यातला कधी होता? “आवाज जानारच हाये ना? मग भरून ठेवून जाऊ दे,” म्हणाला. वहिनी माझ्याकडे वळल्या. “भाऊजी, तुमाले गानं भेटन. मले काय भेटन?” महिनाभर गोदामातच रेकॉर्डिंग चाललं. घरून डबा यायचा, वहिनी कधी आल्या नाहीत. मग ऑपरेशन झालं, पण रोग पसरलेला होता. त्या एका महिन्यानं काही फरक पडला का, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. वहिनींच्या मनात मात्र शंका नव्हती. शेवटच्या दिवसांत मी प्रमोदजवळ बसून बोलत राहायचो आणि तो नुसत्या भुवया उडवायचा. तो गेल्यावर वहिनी आमच्याशी बोलेनाशा झाल्या. तेरवीलाही बोलल्या नाहीत. त्यांचं चुकलं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

गेल्या आठवड्यात माझा अॅम्प्लिफायर आणायला गोदामात गेलो. धंदा आता वहिनीच बघतात. कनातीच्या दोरांचा गुंता सोडवत त्या बसल्या होत्या. “बसा,” म्हणाल्या, तेवढंच. संतोष दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी स्पीकर तपासत होता. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत तो उंद्रीला, आपल्या गावी, शेतावर असतो, त्यामुळे आमची गाणी त्यानं कधी ऐकलेली नव्हती. तेरवीला राजूनं वहिनींपुढे ठेवलेला पेनड्राइव्ह टेबलावर पडलेला होता. तो सनईचा समजून त्यानं लावला आणि गिटारचा कडकडाट झाला. त्यानं घाबरून आवाज कमी केला. मांडवात आवाज फाटला तर मंडपवाल्याची अब्रू जाते, हे त्याला प्रमोदनंच शिकवलेलं.

“वहिनी, स्पीकर गेला वाटते. आवाज फाटून राह्यला.”

“स्पीकर चांगला हाये,” वहिनी मान वर न करता म्हणाल्या. “त्यायचा आवाज तसाच हाये. वाढव.”

गाणं पूर्ण वाजलं. दोर हातात तसेच ठेवून वहिनी ऐकत होत्या. शेवटी गिटार थांबली, आणि राजूनं मुद्दाम न कापलेला तुकडा आला. प्रमोद धापा टाकतोय, आणि त्याच घोगऱ्या आवाजात म्हणतोय, “झालं बे... पानी दे.”

वहिनी उठल्या. कोपऱ्यातल्या माठातून त्यांनी ग्लास भरला आणि वळल्या... समोर मी आणि संतोष. पुढचं गाणं सुरू झालं, तरी त्या भरला ग्लास हातात धरून तिथंच उभ्या होत्या.