भाऊसाहेबांचा अळणी डबा

अरे, चहा राहू दे, आधी ऐक! दवाखान्यातून सरळ तुझ्याकडंच आलोय. आमच्या लातूरच्या ऑफिसातले किस्से म्हणजे रद्दीसारखे रे, रोज थोडे थोडे साठतात, कुणी बघत न्हाई. तुला हसत हसत सांगायचो ना? आज ते सगळे एकदम अंगावर आले.

*

लातूर नवीन जिल्हा झाला, ऑफिस उघडलं, पण टेबलं आलीच न्हाईत! मग एक लोखंडी कपाट आडवं पाडलं आणि त्याच्यावरच दुपारचे डबे. सगळे डबे मधोमध, ज्याला जे पाहिजे ते घ्यायचं. दुष्काळ असला की बाजारात पालेभाजी औषधाला बी न्हाई. त्यामुळं ज्याच्या त्याच्या डब्यात लोणचं, पापड, शेव, ठेचा. आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब लई खूश! "पाऊस न्हाई तर न्हाई, लोणचं तर हाय!"

*

एकदा डॉक्टर ऑफिसातच बीपी तपासायला आले. भाऊसाहेबांच्या दंडाला पट्टा बांधला, आणि परत परत मोजायले.

"काय खाता हो?"

"काय खाणार साहेब, दुष्काळ हाय."

"दुष्काळात माणूस वाळतो, तुमचं बीपी चढायलंय! मीठ बंद. हे खारं, तळलेलं खाऊन जगभर माणसं आजारी पडायलीत, तुम्ही एकटे न्हाई."

आमचा जीपवाला रजाकभाई लगेच म्हणतो, "लो! जिल्हा हुआ तो बड़े शहरां की बिमारी बी आ गई!"

*

दुसऱ्या दिवसापासून वैनींनी, म्हणजे भाऊसाहेबांच्या मिसेसनी, अळणी भाजी पाठवायला सुरुवात केली. रजाकभाईनं एक घास घेतला आणि थांबला.

"भाऊसाब, इससे तो टँकर का पानी खारा है!"

आम्ही हसून हसून आडवे! मग सगळ्यांनी मिळून त्या भाजीला वाचवायचं ठरवलं. कुणी ठेचा कालवला, कुणी लोणच्याचा खार ओतला. डबा चाटूनपुसून साफ! तिकडं घरी रिकामा डबा बघून वैनी खूश. मग हे रोजचंच झालं.

*

बीपी मात्र उतरंना. अर्धी गोळी होती ती पूर्ण झाली, मग तिच्या जोडीला दुसरी आली. भाऊसाहेब खिशातनं गोळ्यांचं पाकीट काढून दाखवायचे, "माझं न्हाई झालं, पण गोळीचं प्रमोशन झालं बघा!"

*

शेवटी टेबलं आली एकदाची! त्यांची पूजा ठेवली, वैनी बी आल्या. मी आपलं उगाच म्हणालो, "वैनी, तुमच्या भाजीवर आम्ही तुटून पडतो!"

तर म्हणाल्या, "अळणी असती रे ती. मी बी तीच खाते. ते एकटेच कसं खातील?"



दुसऱ्या दिवशी रजाकभाई लोणच्याची बरणी घरीच ठेवून आला. भाऊसाहेबांनी दोन घास खाल्ले, उठले, आणि रस्त्यापलीकडच्या गाड्यावर भजी खात उभे राहिले. एकटेच. आमच्याकडं पाठ करून. बघवंना रे. तिसऱ्या दिवशी बरणी परत आली. रजाकभाईनंच आणली.

*

आणि आता हे. परवा ऑफिसात सही करता करता भाऊसाहेबांच्या हातातनं पेन पडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. रजाकभाईनं जीप कशी पळवली त्यालाच ठाऊक, इथं नांदेडला आणलं. आज सुट्टी, म्हणून मी बघायला गेलो. तर डॉक्टर वैनींवरच ओरडायलेत, सगळ्या वॉर्डासमोर. "लातूरच्या डॉक्टरांनी मीठ बंद करा म्हणून सांगितलं होतं ना बाई? घरातल्यांनीच ऐकलं न्हाई तर आम्ही काय करायचं?"

 डॉक्टर गेल्यावर वैनी माझ्याकडं वळल्या.

"बाळा, तू तर रोज त्यांच्याजवळ बसायचास. अळणीच असायची ना रे भाजी? चिमूटभर बी टाकलं न्हाई मी. मग माझं चुकलं कुठं?"

तेवढ्यात भाऊसाहेबांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. घट्ट. डोळ्यांतनं पाणी चाललेलं, आणि मान हलवायले, न्हाई... न्हाई...

वैनी माझ्या तोंडाकडं बघत उभ्या.

खरं सांग गड्या, तू असतास तर काय बोलला असतास?