पॅनमधलं बटण

डेल्बर्ट टॅकेटच्या हातून आयुष्यात एकच गिअरबॉक्स मेला, तो त्याच्या बापाच्या गाडीचा. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पहिल्यांदाच उघडून परत जोडला आणि जोडताना स्वतःच्या डगल्याचं पितळी बटण आत पडलं ते कळलंच नाही. डोंगराचा चढ चढताना आतून जो आवाज झाला तो बाप मरेपर्यंत विसरला नाही. तळाचा पत्र्याचा पॅन काढला तर थाळीत वाढल्यासारखा लोखंडाचा चुरा, गिअरचे तुटके दात आणि मधोमध ते चेपलेलं बटण.

डेल्बर्टने तो पॅन तसाच जपून ठेवला. पुढे केंटकीच्या त्या डोंगराळ गावात त्याने लॉनी स्कॅग्जबरोबर गिअरबॉक्सचं दुकान काढलं, तेव्हा पॅन मागच्या फळीवर गेला. लॉनी त्याचा शाळेपासूनचा दोस्त, लग्नात शेजारी उभा राहिलेला. बावीस वर्षं दोघं त्या बटणावरून हसत आले होते. डेल्बर्ट जरा मिजाशीत बोलला की लॉनी म्हणायचा, "बटणं मोज रे आधी!"

डेल्बर्टची मिजास फुकटची नव्हती. गिअर घसरतोय, इंजिन बोंबलतंय आणि गाडी पुढे सरकत नाही, अशी तक्रार घेऊन माणूस आला की इतर दुकानदार लगेच गिअरबॉक्स उतरवायला घ्यायचे. डेल्बर्ट आधी तेलाची पट्टी काढून पांढऱ्या फडक्याला पुसायचा. तेल लाल आहे की काळं, जळका वास येतो का, पातळी किती उतरली. मग मॉड्युलेटरची रबरी नळी उपसायचा. मॉड्युलेटर म्हणजे मुठीत मावेल एवढी पत्र्याची डबी. तिच्या आतला पडदा फाटला की इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचं तेल पिऊन टाकतं, मागून पांढरा धूर सोडतं, आणि तेल कमी पडलं की गिअर घसरतो. नळीतून लाल थेंब पडला की डेल्बर्ट खूश व्हायचा. दोन बोल्टचं काम! पॅन उघडायची पाळी आलीच, तरी तळाला नुसता राखाडी चिखल असला तर तो घाबरायचा नाही; घाबरायचं ते तुकडे दिसले तर. निदान झालं की चिकटपट्टीवर लिहून ती पट्टी गाडीच्या स्टीअरिंगला चिकटवायची, अशी त्याची पद्धत. दर्शनी बाजूला बसून गिऱ्हाइकाशी बोलायचं काम लॉनीचं. डेल्बर्टला चार लोकांत तोंड उघडायचं म्हणजे घाम फुटायचा.

एकोणीसशे त्र्याऐंशी साली डेल्बर्टच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं. तेव्हापासून तो फक्त सकाळी यायचा, गाड्या तपासायचा, पट्ट्या चिकटवून घरी जायचा. उघडायचं काम गावाबाहेरच्या नव्या शेडमध्ये पगारी माणसं करायची. तिकडे तो फिरकला नाही. फिरकायचं कशाला? लॉनी होता ना.

पुढच्या वर्षी, चर्चच्या जेवणावळीत, इमोजीनबाई प्रेटर त्याच्या समोर येऊन बसल्या. सत्तरीच्या बाई. त्यांनीच त्याला लहानपणी बायबलच्या गोष्टी शिकवल्या होत्या. चर्चची व्हॅन हाकून त्या दर रविवारी एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना घेऊन यायच्या.

"व्हॅन कशी चाललीये?" त्याने विचारलं.

"चालेल नाही तर काय! आईचा ऑर्गन विकला मी तिच्यापायी. अख्खा गिअरबॉक्स नवा बांधलाय."

डेल्बर्टच्या हातातला मक्याच्या ब्रेडचा तुकडा तसाच राहिला. त्या व्हॅनच्या नळीतून लाल थेंब त्याच्या बोटावर पडला होता. 'मॉड्युलेटर. बाकी ठीक,' असं त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

"बांधायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी म्हणजे? तूच! लॉनी म्हणाला, डेल्बर्टने बघितलंय. आणि मी काय आंधळी आहे होय? पॅन दाखवला त्याने मला. चुराच चुरा रे बाळा, दात काय, तुकडे काय. मेलं एक बटणसुद्धा होतं त्यात! मी म्हटलं, बटण कुठून आलं बाई? तर लॉनी म्हणतो, या जुन्या गाड्यांत काय सापडेल नेम नाही."

समोर केळ्याचं पुडिंग आलं, बीन्सचं भांडं फिरलं, डेल्बर्टला काही दिसेना. परक्याने लुबाडलं असतं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. इथे केसाने गळा कापला होता, तोही त्याच्याच जुन्या चुकीचं पातं करून.

सोमवारी सकाळी तो दुकानात गेला तेव्हा लॉनी टेबलावर पाय टाकून कॉफी पीत होता. पॅन फळीवर नव्हता. टेबलाखाली, हाताशी येईल असा ठेवलेला होता. शेजारच्या कचऱ्याच्या डब्यात डेल्बर्टच्या अक्षरातल्या चिकटपट्ट्यांचे बोळे.

"इमोजीनबाईंना काय सांगितलंस?"

"मी? काही नाही." लॉनीने कप ठेवला. "हा पॅन तुमच्या गाडीचा, असं मी कधी कुणाला म्हटलेलं नाही. विचार कुणालाही. मी म्हणतो, गिअर घसरायला लागला की आत असं होतं. बघणाऱ्याने काय समजायचं ते समजावं."

"आणि डेल्बर्टने बघितलंय, हे?"

"बघितलंच होतंस की तू! त्यात खोटं काय?"

म्हणजे एकही शब्द खोटा न बोलता हा माणूस दीड वर्ष खोटं विकत होता. किती विचार केला असेल त्याने त्या वाक्यांवर!

"कितीजणांना दाखवलास?"

"मोजत बसलो नाही." लॉनीचा आवाज चढला. "तू गुडघा धरून घरी बसलास, तेव्हा दुकान कोणी ओढलं? दोन बोल्टच्या डब्या बदलून शेड उभी राहते होय? मोठा आला साधू! तुला लोकांशी बोलायला नको, तुझ्या वाटचं मी बोललो. बावीस वर्षं मीच बोलतोय."

डेल्बर्टला रडूच आलं, आणि लॉनीसमोर ते आलं याचा जास्त संताप आला. त्याने पॅन उचलला आणि लंगडत बाहेर पडला. "अरे, बटणं मोज!" असं मागून कुणी म्हणालं नाही.

आठवडाभर तो झोपला नाही. किती लोक? कोण कोण? नुसतं घरी बसून हे कळणार नव्हतं, आणि कळल्याशिवाय निस्तरता येणार नव्हतं. पुढच्या रविवारी जेवणावळीच्या लांब टेबलावर, तळलेल्या चिकनच्या शेजारी, त्याने तो पॅन आणून ठेवला. लॉनी त्या दिवशी आला नव्हता. डेल्बर्ट उभा राहिला. एवढ्या माणसांसमोर तो जन्मात पहिल्यांदा बोलत होता.

"हा पॅन... आपल्या गाडीचा म्हणून कुणी बघितलाय? हात वर करा."

इमोजीनबाईंनी हात वर केला. मग पोस्टमनने. मग शाळेची बस चालवणाऱ्या भावांनी, दोघांनीही. हात वर होत गेले. अकरा झाले. सगळ्यात शेवटी, कॉफीच्या भांड्यापाशी उभ्या असलेल्या त्याच्या लेकीने, ऱ्होंडाने, हात वर केला, अर्धाच.

"लॉनीकाका म्हणाले, बाबांना सांगू नकोस," ती म्हणाली. "त्या गुडघ्याने स्वतःच तुझ्या गाडीखाली शिरतील."

डेल्बर्ट खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. हातांवरून त्याची नजर चेहऱ्यांवर गेली, तेव्हा त्याला दिसलं की लॉनीची रिकामी खुर्ची कुणीच बघत नाहीये. सगळे डेल्बर्टकडेच बघताहेत. ऱ्होंडासुद्धा.

इमोजीनबाई उठून आल्या. चष्मा सावरून त्यांनी पॅनमधलं बटण दोन बोटांनी उचललं, उजेडात धरलं. मग त्याच्या डगल्याकडे बघितलं. गेली तीस वर्षं तो त्याच कंपनीचे, तसल्याच पितळी बटणांचे डगले घालत होता.

"ब्रदर डेल्बर्ट," त्या म्हणाल्या. चर्चमध्ये कुणालाही म्हणतात तसं; बाळा म्हणाल्या नाहीत. "हे बटण तुझं आहे?"

"हो," डेल्बर्ट म्हणाला. "माझंच आहे."