अक्रोडाएवढे खडे

ओलीवाच्या घराला गावात ‘अक्रोडवाले’ म्हणत. इटलीतल्या फ्रिऊलीच्या डोंगरातून उतरणाऱ्या त्या नदीत वर कोहळ्याएवढे धोंडे, मग पावाएवढे गोटे, गिरणीच्या वळणावर अक्रोडाएवढे खडे आणि खाली मैदानात हरभऱ्याएवढी खडी नि रेती. नदीनं वाटून दिलं तसंच गावानं वाटून घेतलेलं: एका घराला एक पट्टा, एक माप. खडे बसवून फरशी घालणारे मिस्त्री हव्या त्या मापाप्रमाणे त्या त्या घरी खडे घ्यायला जात.

मग वर धरण झालं. त्यानं खडे अडवले, पाणी तेवढं सोडत राहिलं. बारीक होतं ते वाहून गेलं, नवं येईना. वळणावर वर दिसायला नुसते गोटे उरले. हरभरेवाले तुरीनला मोटारीच्या कारखान्यात गेले. साठीला टेकलेली ओलीवा मागे राहिली, एकटी आणि तोंडाळ.

त्या वसंतात रिनाल्दो मिस्त्री आला. देवळाची निम्मी फरशी उखडली होती. ती घातली होती ओलीवाच्या बापाच्या खड्यांनी.

“चाळीस टोपल्या लागतील. जमेल, की खडी फोडायच्या कारखान्याची मागवू?”

“कारखान्याची? माझ्या बापाच्या खड्यांशेजारी? लाज कशी वाटत नाही रे!”

“वाटते म्हणून तर आधी तुझ्या दारात आलो, बाई.”

वरच्या गोट्यांखाली अक्रोडी खडे अजून दडलेले असतात, हे ओलीवाला ठाऊक होतं. गोटा उचलायचा, खालचे खडे वेचायचे आणि गोटा होता तिथेच परत बसवायचा, अशी त्या घराची रीत. पण देवळाचा सण तोंडावर, त्याआधी फरशी व्हायला हवी, आणि कंबर मोडलेली. “एकदाच तर काढायचंय,” म्हणत तिनं गोटे काठावर भिरकावले. आठ दिवसांत बावीस टोपल्या भरल्या. इतकी खुशीत ती कित्येक वर्षांत नव्हती.

नवव्या दिवशी सकाळी भोंगा झाला आणि धरणातून पाणी सुटलं. दर वसंतात सुटायचं. गोट्यांच्या झाकणाखाली पट्टा निवांत पडून राहायचा. या वेळी झाकणच नव्हतं. दुपारी पाणी ओसरलं तेव्हा वळणावर पिवळी चिकणमाती तेवढी उघडी पडली होती. धरणाला दहा वर्षांत जे जमलं नाही, ते ओलीवानं आठ दिवसांत करून दाखवलं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा. ती काठावर बसून राहिली; रडूसुद्धा आलं नाही.

उरलेल्या अठरा टोपल्या कारखान्यातून आल्या.

सणाच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी देवळात गेली. जोड तिला दारातूनच दिसला. आपले खडे जिवंत, पलीकडचे मेलेले. तिनं पाद्रीबाबांना बोलावलं.

“बाबा, जोड कुठे आहे, सांगा बरं.”

ते दोनदा चालून आले. “कसला जोड, ओलीवा? सगळी एकसारखीच तर आहे!”

तिनं बेकरीवालीला विचारलं. गिरणीवाल्याला विचारलं. “झकास झालीय की,” तो म्हणाला, “रिनाल्दोचा हातच सफाईदार!”

लोक येत राहिले आणि फरशीवरून चालत जागेवर जाऊन बसले. निदान कुणीतरी नावं ठेवील, असं तिला वाटलं होतं.