उतारावर इंजिन बंद

मला गाडी चालवायला माझ्या नवऱ्याने शिकवलं. ही तक्रार नाही. टेस्टला नापास कशी झाले असं लोक विचारतात, त्यांना एवढं एकच वाक्य सांगून मी कामाला लागते. पण काहींचं तेवढ्याने समाधान होत नाही (त्यात माझी जाऊबाई पहिली), म्हणून हे सविस्तर.

आम्ही जव्हारला राहतो. मी प्राथमिक शिक्षिका. उन्हाळ्यात माझी बदली झाली ती पार मोखाड्याच्या पुढच्या एका पाड्यावर. सकाळची एसटी शाळा भरल्यावर पोचते आणि संध्याकाळची शाळा सुटायच्या आधी निघून जाते. शाळेत मार खाल्लेल्या कुणीतरीच ते वेळापत्रक बसवलं असावं. मला दोनच वाटा होत्या. जून उजाडायच्या आत लायसन्स काढून घरातली जुनी पांढरी गाडी रोज न्यायची, नाहीतर मोखाड्यात खोली घ्यायची आणि शनिवारी घरी यायचं. आमची पिंकी दुसरीत. माझी ओढणी मुठीत धरल्याशिवाय तिला झोप लागत नाही. कुणी खोलीचं नाव काढलं की मी विषय बदलायचे.

"क्लास कशाला? मी आहे ना," हे म्हणाले.

आमचे हे एका कचेरीत कारकून आहेत आणि लग्नाआधीपासून गाडी चालवतात. त्यांचं सगळं ड्रायव्हिंग एका तत्त्वावर उभं आहे: उतार लागला की इंजिन बंद. आमच्याकडे निम्मा रस्ता चढाचा आणि निम्मा उताराचा, म्हणजे निम्मं पेट्रोल देवाने आपल्याला फुकट दिलंय, असं ते पाहुण्यांनाही समजावून सांगतात. बरं, हे एकटेच असे नाहीत. जीपवाल्यांपासून बाईकवर तिघं बसणाऱ्या पोरांपर्यंत इकडे सगळे घाटाच्या माथ्यावर किल्ली फिरवतात. मग वळणावर समोरून एखादी जीप अजिबात आवाज न करता अंगावर येते, आणि आपण रस्त्याकडेच्या करवंदीत उडी घेतो.

आमचं शिक्षण सुरू झालं शिरपामाळच्या रस्त्यावर.

"उतार आला. आता काय करायचं?"

"ब्रेक?"

"ब्रेक नंतर. आधी किल्ली. एक खटका मागे. हां."

"अहो, बंद केल्यावर ब्रेक दगडासारखा लागतोय."

"तुझा पाय नाजूक आहे."

"आणि स्टेअरिंग?"

"हातही नाजूक आहेत. माहेरी काम केलेलं नाही ना."

(माहेरी मी भाताची लावणी केलेली आहे. यांनी पाय चिखलात घातला तो एकदाच, आमच्या लग्नात, आणि तोही चुकून.)

रोज संध्याकाळी आमची वरात निघायची. मोळ्या घेऊन येणाऱ्या बायका आमची गाडी लांबून दिसली की खाली शेतात उतरायच्या. एकदा त्यातली एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "मास्तरीणबाय गाडी शिकतं. उद्या आपुन दुसरे वाटनी जाव." ते ऐकून हे अभिमानाने म्हणाले, "बघ, तुला ओळखायला लागल्या."

मी मात्र मन लावून शिकले. माझी सवयच आहे; जे शिकवतील ते घोकून पक्कं करते. पंधरवड्यात माझा हात असा बसला, की उतार दिसताच किल्ली आपोआप फिरायची. हे खूश होते. मीही खूश होते, हे जास्त वाईट.

आमच्या भागात टेस्टचा कॅम्प महिन्यातून एकदा लागतो. मेअखेर तो लागला तेव्हा मैदानाच्या कडेला टेस्ट घेणाऱ्या आरटीओच्या साहेबांसाठी खुर्ची ठेवली होती, खुर्चीवर त्यांचा जेवणाचा डबा होता आणि पलीकडे हे उभे होते. दोन पोरांना ते अॅव्हरेज कसं काढायचं ते समजावत होते. साहेब माझ्या शेजारी बसले. मी बेल्ट लावला, आरसे बघितले, इंग्रजी आठचा आकडा काढला, चढावर गाडी थांबवून मागे न घसरू देता पुढे घेतली.

"छान, मॅडम," साहेब म्हणाले. "आता वळवून उतारावरून खाली घ्या, की झालं."

मी गाडी वळवली. उतार दिसला. आणि मी किल्ली फिरवली.

गाडीत एकदम शांत झालं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"गाडी बंद पडली का?"

"नाही साहेब, मी केली."

"का?"

"पेट्रोल वाचतं."

एवढं बोलणं होईपर्यंत गाडीने वेग घेतला. मी ब्रेक दाबला, लागला. पुन्हा दाबला, जरासा लागला. तिसऱ्यांदा पायाखाली नुसता दगड! स्टेअरिंग जात्यासारखं जड झालं होतं आणि समोर खुर्ची होती. खुर्चीपलीकडचे हे पोरांना सोडून असे पळाले, की माणूस इतका चपळ आहे हे मला संसारात प्रथमच कळलं. साहेबांनी हँडब्रेक ओढला. गाडी थांबली, पण खुर्चीला हलकेच ढकलून. डबा पडून उघडला. भेंडी होती.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

मी काचेतून यांच्याकडे बोट दाखवलं. हे पुढे आले, खाकरले आणि म्हणाले, "छे छे, साहेब. ही मोबाईलवर बघून शिकली. मी म्हणतच होतो, बाईमाणसाला घाट नाही जमायचा."

साहेब भेंडीकडे बघत शांतपणे म्हणाले, "मॅडम, इंजिन बंद केलं की ब्रेकची ताकद जाते. हे मैदान होतं. घाटात बाजूला दरी असते. इंजिन चालू ठेवून गिअरनेच गाडी आवरायची. चढाला जो गिअर, उताराला तोच. पुढच्या कॅम्पला या."

पुढचा कॅम्प जूनच्या अखेरीस. शाळा त्याआधी उघडली. मी मोखाड्यात खोली घेतली.

त्या खोलीत मी यांना जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या माझ्या आईने मला शिकवल्याही नव्हत्या. संध्याकाळी फोनवर पिंकी विचारायची, "आई, गाडी आली का तुला?" एकदा म्हणाली, "ओढणी ठेवून गेलीस ना, तिचा वास गेला." त्या दिवशी मी भाताचा कुकर तसाच ठेवून रडले. भेंडीवाल्या साहेबांचा राग नव्हता. ज्या माणसाच्या शब्दावर मी डोळे मिटून किल्ली फिरवली त्याचा होता, आणि ती फिरवणारीचाही.

रविवारी जव्हारला क्लास लावला. पुढच्या कॅम्पला साहेबांनी डबा गाडीपासून लांब ठेवला, आणि मी पास झाले.

लायसन्स हातात आलं त्या रविवारी आम्ही तिघं खोली रिकामी करायला गेलो. परतताना मी चालवायला बसले, हे शेजारी, पिंकी मागे वळकटीवर. मोखाडा सोडल्यापासून मी यांना झोडपत होते. इंजिनाचा ब्रेक म्हणजे काय, बायकोचा महिना कसा गेला, भर मैदानात "मोबाईलवर बघून" म्हणताना जीभ कशी झडली नाही, सगळं सव्याज. हे खाली मान घालून ऐकत होते. घाटाचा माथा आला. माझं चालूच होतं, "चढाला जो गिअर, उताराला तोच. एवढी साधी गोष्ट या माणसाच्या डोक्यात वीस वर्षांत..."

"आई," मागून पिंकी म्हणाली, "तुझा हात किल्लीवर काय करतोय?"

मी खाली पाहिलं. बोटांनी किल्ली धरलेली होती.

हे खिडकीबाहेर बघत जव्हारपर्यंत शीळ घालत बसले.

रोज घाटात पिंकीला मागे बसवूनच जायचं म्हटलं, तर ती शाळेत कधी जाणार? म्हणून किल्लीला लाल चिंधी बांधली आहे. लायसन्स मला मिळालंय. माझा उजवा हात अजून लर्निंगवर आहे.