दोन पोती

“घरून आणा, घरचं खा!” असं म्हणून गुरुजी उजवा तळहात हवेत आडवा फिरवत. विषय संपला, असा त्याचा अर्थ. पोरांनी हॉटेलचं नाव काढलं की तळहात फिरे आणि कुणी बर्फगोळ्याचं नाव काढलं तर जरा जोरात फिरे.

हा माणूस मला आवडत नसे. आता तो या जगात नाही, तरीही आवडत नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, हे सांगायला कृपा करून कुणी माझ्याकडे येऊ नये. असा एखादा माणूस तुमच्याही शाळेत, कचेरीत असणार. तो तुम्ही नीट पाहिला असेल, तर माझा राग तुम्हाला कळेल.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. कारंज्याकडच्या एका गावात आमची शाळा होती. मी इंझोरीची, बौद्ध घरातली, नुकतीच नोकरीला लागलेली. गुरुजी अनसिंगचे, शेतीवाडीवाले, शाळेत सगळ्यांत जुने. सहल म्हणजे त्यांचं राज्य. सहल ठरली की ते आधीपासून वर्गावर्गात जाऊन शिदोरीचे धडे देत. पीठ दुधात भिजवून केलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. वांग्याची भाजी आणायची नाही, आंबते. ठेचा चालतो, पण तेलात परतलेला. चिवडा परतीसाठी राखायचा, कारण येताना पोरं जास्त भुकेजलेली असतात. आणि खिशात पैसे कुणीच आणायचे नाहीत. ज्याच्याकडे असतात तो खातो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघतात.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्यांच्या या काटकसरीमुळेच मजुरांची पोरं सहलीला येऊ शकत, हेही मी नाकारत नाही. माझं भांडण होतं ते पोत्यांशी.

सगळ्या शिदोऱ्या पोत्यात भरून बसच्या टपावर जात. पोती दोन असत. एक गावातल्या पोरांचं आणि एक आमच्या लोकांच्या, बौद्ध वस्तीतल्या पोरांचं. मी पहिल्याच वर्षी विचारलं, “गुरुजी, एकाच पोत्यात काहून नाही भरत?”

“कालवाकालव होते, बाई. मंग कोणाचं कोणतं, समजत नाही.”

“नाही समजलं तर काय होईन?”

तळहात फिरला.

पुढच्या वर्षी मी दुसरी युक्ती काढली. म्हटलं, प्रत्येकाकडून मूठमूठ डाळ-तांदूळ घेऊ आणि तिथंच एका भांड्यात खिचडी शिजवू, स्वस्त पडेल. स्वस्त म्हटल्यावर या माणसाने खरं तर उडी मारायला हवी होती. पण ते म्हणाले, “भांडे, सरपण, कायले एवढी कटकट? तुमी नव्या हाय, बाई. घरून आणा, घरचं खा!” त्यांची काटकसर कुठे येऊन थांबते, ते मला त्या दिवशी कळलं. मला फार मोठं काही नको होतं. ही पोरं एकदा तरी एका ठिकाणी बसून एकमेकांचं खावीत, एवढंच हवं होतं. मला त्याचा ध्यास लागला होता.

त्या वर्षी सहल नागपूरला होती. तिथल्या एका मोठ्या बागेत मुलांसाठी छोटी आगगाडी सुरू झाली होती, पाळणे होते, पिंजऱ्यांत प्राणी होते. पोरांना त्या गाडीची स्वप्नं पडत. सकाळी गावाच्या फाट्यावर बस आली. वस्तीचं पोतं बसजवळ जमिनीवर पडलेलं होतं. गावातलं पोतं गुरुजींनी लांब, लिंबाच्या पारावर जपून ठेवलेलं. मग ते पोरांना रांगेत उभं करून पैसे न उधळण्यावर बोलू लागले. त्यांचं भाषण एकदा सुरू झालं की आवरत नसे. तोवर क्लीनरने बसजवळचं पोतं टपावर चढवलं, ड्रायव्हरने हॉर्न मारला आणि सगळे आत घुसले.

अमरावतीच्या अलीकडे आमच्या वस्तीतल्या शांताला ओकारी आली. गुरुजी उठले, तिचं कपाळ तळहाताने धरलं आणि स्वतःच्या उपरण्याने तिचं तोंड पुसलं. “भेऊ नोको, माय. खिडकीपाशी बस,” म्हणाले. आवाजात इतकी माया होती की मी बघत राहिले. खरं सांगते, तेवढा वेळ तो माणूस मला आवडला.

बागेत पोरं गाडीत बसली, पाळण्यात बसली, पोटात कावळे ओरडायला लागले. गुरुजी टपावर चढले आणि तिथूनच ओरडले, “दुसरं पोतं कुठी हाय?”

दुसरं पोतं पारावर राहिलं होतं. वेगळं ठेवलं म्हणूनच राहिलं.

गुरुजींचा चेहरा उतरला. “जरा थांबा, बाई. केळं-गिळं पाहू,” म्हणाले. पण पाहणार कशाने? तिकिटांपुरते पैसे होते ते संपले; वर पैसे आणायचे नाहीत, हा नियम त्यांचाच होता आणि नियम त्यांनी स्वतःही पाळला होता. तेवढ्यात शांता म्हणाली, “बाई, आमच्या पोत्यात लय भाकरी हायेत.”

मी वाट पाहिली नाही. झाडाखाली चादर अंथरली आणि पोतं सरळ तिच्यावर उपडं केलं. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, कांदे, कुणाचं पिठलं. पाटलाची लेक सगळ्यांत आधी बसली. मग कोण गावातलं आणि कोण वस्तीतलं, हे मलाही ओळखता येईना. ठेच्याने सगळ्यांची नाकं सारखीच वाहत होती. मी मोठ्याने हसत होते.

“लेकराईले खाऊ द्या. मले उपास हाय,” गुरुजी म्हणाले.

“गुरुजी, सकाळी तर तुमी पोहे खाल्ले!” एक पोरगं ओरडलं आणि सगळी पंगत खिदळली.

मी माझ्या डब्यातली भाकर काढली, वर ठेचा ठेवला आणि त्यांच्या पुढे धरली. गुरुजींनी भाकर घेतली. “तिकडं सावलीत बसून खातो,” म्हणाले. मला वाटलं, जिंकलं.

थोड्या वेळाने मी नळावर पाणी आणायला गेले. पिंजऱ्याच्या जाळीपाशी गुरुजी पाठमोरे उभे होते. जाळीवर ‘प्राण्यांना खाऊ घालू नये’ अशी पाटी होती. आयुष्यभर पोरांना नियम शिकवलेला तो माणूस पाटीखाली उभा राहून माझी भाकर हरणाला घालत होता. ठेचा त्यांनी आधी झटकून टाकला होता. तेवढी दया हरणावर.

मी पाणी न भरताच परत फिरले. हात पुसत गुरुजी आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “बाई, भाकर मोठी चांगली झाली होती.”

शांताचं कपाळ त्यांना धरता येत होतं, पण आमच्या घरची भाकर त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. ते कपाळ मी पाहिलं नसतं, तर मला इतकं लागलं नसतं.

पुढच्या सहलीला गुरुजींनी कमाल केली. दुपारच्या जेवणाला फाटा दिला आणि स्वतःच्या खिशातून सगळ्यांसाठी केळी घेतली. शाळेत सगळे चाट पडले. मी मात्र सालींचा ढीग बघत बसले. साल सोलून खायच्या फळाला कुणाचाही हात लागला तरी चालतो.

आणि ती भाकर? तिची तर त्यांनी गोष्टच केली. तपासणीला साहेब आले की गुरुजी सांगत, “आमच्या शाळेत भेदभाव नाही, साहेब. मी सोता बाईच्या हातची भाकर खाल्ली, नागपुरात.” साहेब माझ्याकडे कौतुकाने बघत. खरं सांगितलं असतं, तर गावात तंटा झाला असता आणि पहिला बळी सहलीचा गेला असता. वस्तीतल्या पोरांची आगगाडी त्या माणसाच्या हातात होती. म्हणून मी दात आवळून उभी राहायची.

गुरुजी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी भाकरीची गोष्ट पुन्हा सांगितली. टाळ्या वाजल्या. माझी बोलायची पाळी आली, तेव्हा मी डबा उघडला. घरून करून आणलेली भाकर आणि ठेचा त्यांच्या पुढे ठेवला. “गुरुजी, तुमाले आवडली होती ना? खा.”

सगळी शाळा बघत होती. गुरुजींनी भाकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. हरणाचं मला माहीत आहे, हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांचा तळहात उचलला गेला, पण फिरला नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि भाकर त्यात नीट बांधली. “घरी जाऊन निवांत खातो, बाई.”

आम्ही त्यांना फाट्यावर सोडायला गेलो. गाडी आली. हार, शाल, नारळ, ट्रंक, सगळं आठवणीने वर चढलं. गुरुजी खिडकीत बसले आणि पोरांना हात करत अनसिंगकडे गेले. त्यानंतर ते मला कधी दिसले नाहीत.

लोक गावाकडे वळले. मी पारापाशी थांबले, कारण पारावर तो रुमाल होता. गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

मी तिथंच बसले. गाठ सोडली, भाकर मोडली, ठेचा लावला आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. भाकर खरंच चांगली झाली होती.