राणीचा वरचा चेहरा

त्या खोलीतला उजेड गार होता. उजेडाला कधी स्पर्श असतो का, असं एरवी कुणी विचारलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्या निळसर शुभ्र प्रकाशाखाली हात धरला आणि बोटं खरोखरच गारठल्यासारखी झाली. संग्रहालयाच्या त्या खोलीत, टेबलावरच्या मऊ कापडावर आमची राणी उताणी निजली होती. दसऱ्याच्या मांडणीत सर्वांत वरच्या पायरीवर राजाशेजारी तोऱ्यात उभी राहणारी आमच्या घरची लाकडी राणी! पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात आणल्यासारखी ती निमूट पडली होती आणि यंत्राची भिंगं तिच्या मुखावरून संथपणे सरकत होती. मला उगाचच तिच्या पायांवर पांघरूण घालावंसं वाटलं.

आम्ही बंगळूरचे जुने मराठी. कोण पूर्वज कुणाच्या फौजेबरोबर इथे आला आणि परत जायचं विसरला, हे आता कुणालाच धड सांगता येत नाही. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड, आणि उंबरा झिजून झिजून इतका सपाट झालेला की 'थोडं'च्या जागी कन्नड 'स्वल्प' घालून 'स्वल्प मीठ दे' म्हणताना आपण कुठल्या बाजूला उभे आहोत, हे आम्हाला कळतच नाही. दसऱ्याला पायऱ्या मांडून बाहुल्या बसवण्याची इथली रीत आम्ही अशीच केव्हातरी आपली केली, आणि आपली केली म्हणजे तिच्यात आपलं काहीतरी घुसडलंच! घरात नवी सून आली की पहिल्या दसऱ्याआधी तिने राणीचा चेहरा नव्याने रंगवायचा, जुना न खरवडता, त्याच्यावरच. राजाचा चेहरा मात्र कुणी कधी रंगवला नाही. पुरुषांना बदलायची गरज वाटत नसावी, असं आई म्हणते.

शेवटचा चेहरा आईचा. तिचे रंग ऐनवेळी वाळून गेले, तेव्हा तिने फाटकाला लावून उरलेल्या पांढऱ्या तैलरंगात हळद कालवली आणि राणीला गोरी केली. डोळे काढताना हात हलला, राणी किंचित तिरळी झाली. शेजारपाजारच्या बायका म्हणत, तुमच्या राणीचं लक्ष राजाकडे नाही, खालच्या पायरीवर मांडलेल्या वाण्याच्या चिमुकल्या दुकानाकडे आहे! मी त्या तिरळ्या नजरेखाली वाढले. मी एकुलती एक मुलगी असल्यामुळे आईनंतर त्या घरात सून आलीच नाही आणि तो चेहरा तसाच राहिला.

गेल्या दसऱ्याला मात्र राणीच्या गालाचे पोपडे पडू लागले. बाहुल्यांचं नवं दालन उभारणाऱ्या या संग्रहालयात मी तिला सोपवायला आणलं ते म्हणून. तिथल्या काव्या नावाच्या मुलीने यंत्राच्या पडद्यावर बोट फिरवलं, आणि काय सांगू तुम्हाला! आईच्या चेहऱ्याखालून आजीने रंगवलेला चेहरा वर आला, त्याच्याखालून आणखी कुणाचा, त्याच्याखालून मला नावही ठाऊक नसलेल्या कुणा बाईचा. ज्या बायकांचं एकही छायाचित्र उरलं नाही, त्यांच्या हाताची थरथर त्या यंत्राने जशीच्या तशी टिपली होती. मी हरखून गेले, आणि त्याच क्षणी काव्याने त्याच यंत्रावरून सांगितलं की तैलरंगाखाली ओल कोंडून लाकूड कुजू लागलंय, रंग उतरवलाच पाहिजे, आणि तो निघताना खालचे सगळे थर घेऊनच निघेल. "पण जाणार काहीच नाही, मॅडम. सगळं आमच्याकडे राहील."

काहीच नाही? चेहरा म्हणजे त्याचा आकार, की त्यावरून फिरलेला हात? आकार राहिला तर हात राहिला म्हणायचं का? आणि रंग राखून राणीच कुजवायची, हे तरी कुठलं शहाणपण? यंत्राचा राग करावा, तर आजीचा चेहरा दाखवला तो त्यानेच. आभार मानावेत, तर आईचा चेहरा पुसायला सांगणारंही तेच! घरी परतताना बेळ्ळंदूरच्या वाहतूककोंडीत गाडी मुंगीसारखी सरकत असताना मी दोन्ही बाजूंनी स्वतःशीच भांडत होते आणि दोन्हीकडून हरत होते.

शेवटी आईलाच घेऊन गेले. काव्याने राणीची पांढरीशुभ्र प्रतिकृती यंत्रावर घडवून घेतली होती. तिच्या कोऱ्या मुखावर वरून प्रकाशाचे झोत पडत आणि एकेक चेहरा उमटे. सासूबाईंचा चेहरा दिसताच आईने हात जोडले. मग तिचा स्वतःचा आला, तिरळा, हळदुल्या रंगाचा. तिने हात पुढे केला तर तो चेहरा तिच्या सुरकुतलेल्या हातावरच उतरला. आई खुदकन हसली, मग बराच वेळ हात तसाच धरून उभी राहिली. मला रडू आवरेना.

"सरी, बरं," ती काव्याला कन्नडमध्ये म्हणाली, "उतरव रंग. मग नवा कोण काढणार?"

"कुणी नाही, अज्जी. इथे आलेल्या वस्तूवर नवं काही करायचं नसतं. आहे तशी जपायची."

"म्हणजे होऊन गेलेल्या सगळ्या राहणार आणि पुढची येणारच नाही?" आईने विचारलं. "मग ही पांढरी तू ठेव. तिला तुझा उजेड शोभतो. आमची आम्हाला दे."

काव्या हिरमुसली, पण तिने ऐकलं. मला वाटतं, त्या दोघींना एकमेकींचं पटलं होतं. गोंधळलेली होते ती मधली मीच. आता दालनात ती पांढरी राणी क्षणाक्षणाला चेहरे पालटत उभी असते आणि मुलं पडद्यावर बोट फिरवून तिला हवं ते रूप देतात. मी जाऊन येते, तिच्यात आई दिसली की भरून येतं, आणि घरी येताना वाटतं, आपण नक्की कुणाला भेटून आलो?

खरी राणी घरी आली ती कोऱ्या लाकडाची, नाकाच्या उंचवट्याखेरीज मुखावर काहीच नसलेली. दसरा तोंडावर आला. आईने ब्रश माझ्यापुढे धरला.

"मी सून नाही गं," मी म्हटलं.

"इतकी वर्षं सुनेची वाट पाहिली ती पुरे. बस खाली."

मी बसले आणि फोन काढला. काव्याने पाठवलेलं चित्र त्यात होतं, त्या दोन तिरळ्या डोळ्यांसकट. "आई, बघून तुझेच काढते. अगदी तसेच येतील."

"माझे आहेत की तिकडे," आई म्हणाली. "तू तुझे काढ."

मी फोन पालथा ठेवला. ब्रश रंगात बुडवला, आणि कितीतरी वेळ हात हवेतच राहिला. आपले डोळे कसे असतात, हेच मला आठवेना.